सोबतीला गेलेला शेतकरी

युरोपच्या व्हिसाला सातबारा लागतो, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. माझी पत्नी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवते. २०२५च्या उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणासाठी नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात तिची निवड झाली. तिचे कागद विद्यापीठाच्या पत्रावर सरळ निघाले. मी वाशीम जिल्ह्यातल्या रिठदचा शेतकरी. सोबत जाणाऱ्या माणसाकडं तो परत येईल याची खात्री देणारे कागद मागतात. नोकरदार पगारपत्रक जोडतो, आयकराचं विवरण जोडतो, साहेबानं दिलेलं रजेचं पत्र जोडतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून माझ्याकडं विवरण नाही, पगार नाही आणि रजा मंजूर करणारा साहेबही नाही. मग सातबारा काढला, आठ-अ काढला, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला घेतला, सोयाबीन-तूर विकल्याच्या पावत्या लावल्या, ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणलं आणि या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा काढला. मुंबईच्या व्हिसा केंद्रात खिडकीवरच्या मुलीनं सातबारा उलटून पाहिला आणि विचारलं, "हे जमिनीचे पेपर आहेत ना?" मी म्हणालो, "हो. हेच माझं काम."

व्हिसा मिळाला. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं आणि तिथं कुठलंही पगारी काम करायचं नाही, ही अट त्यासोबत आली.

गावात बातमी पसरली. चहाच्या टपरीवर एका काकांनी विचारलं, "बायकोच्या मागं कायले चालला रे बावा? तुले तिकडं काय काम?" त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. नवऱ्याची बदली झाली की बाई त्याच्या मागं जाते, हे आमच्याकडं घरोघरी घडलेलं आहे. बायकोच्या कामाच्या गावी नवरा बिऱ्हाड घेऊन गेल्याचं उदाहरण कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. उत्तर माझ्या आईनं घरी दिलं. "तिले तिकडं भाकर कोन करून घालीन? जाय तू. वावराचं आम्ही पाह्यतो." आईनं उभी हयात दुसऱ्यांना भाकरी करून घातली. सुनेला परदेशात कुणीतरी भाकरी करून घालायला हवी, आणि ते काम आपल्या मुलाचं आहे, हे तिला एका दमात सुचलं. माझ्या मनातली उरलीसुरली घालमेल तिथंच संपली.

मराठी वाचकाला जोडप्यानं केलेला परदेश प्रवास नवा नाही. 'अपूर्वाई'त पु. ल. देशपांड्यांसोबत सुनीताबाई आहेत. पण काम त्याचं आणि सोबत तिची, हीच बहुतेक वेळा मांडणी. उलट बाजूनं पाहू गेलं तर १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला एकट्या गेल्या आणि गोपाळराव मागाहून पोचले. त्या एकट्या मुलीनं परक्या देशात स्वतःच्या अन्नाची कशी व्यवस्था लावली असेल आणि तब्येतीवर त्याचं काय झालं असेल, हा विचार मला वागेनिंगेनच्या स्वयंपाकघरात पुष्कळदा आला. शिकायला गेलेल्या माणसाचं निम्मं बळ जेवणाच्या विवंचनेत जातं. सोबत्यानं ती विवंचना उचलली तर शिकणाऱ्याचं शिक्षण दुप्पट होतं.

आम्ही मार्चअखेरीस निघालो. हरभरा निघाला होता, तूर विकून झाली होती, पुढचं मोठं काम मृगाच्या तोंडावर. शेतकऱ्याला वर्षात इतकी मोकळीक एकदाच मिळते. समृद्धी महामार्ग तेव्हा इगतपुरीपर्यंतच सुरू होता, पुढं कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई. बॅगेत ज्वारीचं पीठ, तूरडाळ, मूगवड्या, कुरडया आणि तिखट. आईनं कढवलेलं तूप मात्र घरीच ठेवावं लागलं. प्रवाशानं दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेण्याला बंदी आहे, कारण जनावरांचे रोग त्यातून येतात असं त्यांचं म्हणणं. जनावरं पाळणाऱ्या माणसाला हा नियम पटला.

वागेनिंगेन हे ऱ्हाईन नदीच्या काठचं लहानसं गाव आहे. १८७६ साली इथं सरकारी शेतकी शाळा निघाली, १९१८ साली तिचं महाविद्यालय झालं आणि आज शेतीच्या शिक्षणात जगभर त्याचं नाव घेतात. आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं. पत्नी सकाळी साडेआठला सायकलवर निघायची, संध्याकाळी साडेपाचला परतायची. मधला सगळा दिवस माझा, म्हणजे घराचा.

स्वयंपाक मला येत नव्हता असं नाही. वावरात राखणीला राहिलं की खिचडी, पिठलं, भाकरी जमवावीच लागते. पण तिथं विस्तव होता. इथली शेगडी विजेची, ज्योत नसलेली. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगते, ते इथं शक्य नव्हतं. पहिल्या भाकऱ्या चिवट झाल्या. मग दुसरी बाजू शेकताना ओल्या फडक्यानं कडेकडेनं दाबत गेलो तशी ती तव्यावरच फुगायला लागली. फोनवर आईला दाखवली. "पीठ जरा जास्त मळ," एवढंच ती म्हणाली, आणि ते बरोबर होतं.

तिथले लोक दुपारी पावाचे तुकडे आणि चीज खाऊन भागवतात, खरं जेवण संध्याकाळी सहाला. पत्नीनंही तेच वेळापत्रक धरलं, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक मोठा. त्याच्या आधी भांडी, कपडे, झाडू-पोछा, बाजार, आणि कचऱ्याची वर्गवारी. ओला कचरा वेगळा, कागद वेगळा, काच वेगळी, प्लॅस्टिक वेगळं. पाण्याच्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत केल्या की अनामत मिळते. बहुतेक जागी पैसे कार्डानंच द्यायचे. हे सगळं बसायला काही दिवस गेले. घरकाम दिसत नाही ते त्याच्या तुकड्यांमुळं, असं माझं मत तिथं पक्कं झालं. वावरातलं काम सलग असतं, केलं की मागं वळून बघता येतं. घरातलं काम अर्ध्या तासाच्या तुकड्यांत दिवसभर पसरलेलं असतं आणि संध्याकाळी दाखवायला काही उरत नाही. आमच्या रिठदला बाया घरातलं हे तुकड्यांचं काम करून वर निंदायला जातात. मजुरीचा हिशेब मांडताना हे कधी धरलं जात नाही, आणि ते धरायला हवं.

तूरडाळ संपत आली तेव्हा शेजारच्या आर्नहेम शहरात एक किराणा दुकान सापडलं. दुकानदार दिसायला आपल्याकडचा, बोलणं भोजपुरीच्या वळणाचं. त्याचे पूर्वज बिहार-अवधाकडून मळ्यांवर मजुरीला सुरिनाममध्ये गेले होते. लल्ला रूख नावाचं पहिलं जहाज १८७३ साली तिथं पोचलं. सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झाला तेव्हा यातली हजारो कुटुंबं हॉलंडला आली. दीडशे वर्षांत दोन समुद्र ओलांडलेल्या त्या घरात डाळ-भात, रोटी आणि बाळाच्या जन्माची सोहर गाणी टिकून आहेत. त्यानं मला विचारलं, "खेती करत हौ?" मी हो म्हटल्यावर त्यानं डाळीवर मूठभर जास्त टाकली.

शनिवारी चर्चसमोरच्या चौकात बाजार भरायचा. एप्रिलपासून तिथं पांढरा शतावर येतो, इंग्रजीत ज्याला ॲस्परॅगस म्हणतात तो भाजीचा कोंब. विकणारा स्वतः पिकवणारा होता, त्याच्याकडून मी ते पीक समजून घेतलं. वरंबे उंच करून त्यावर काळं प्लॅस्टिक अंथरतात, कोंबाला ऊन लागू देत नाहीत म्हणून तो पांढरा राहतो. वरंब्यात हात घालून एकेक कोंब कापावा लागतो. आणि २४ जूनला तोडणी बंद करतात. भाव कितीही असला तरी बंद, कारण पुढचे महिने झाडानं पाला वाढवून मुळात अन्न साठवायचं असतं. ठरलेल्या तारखेला सगळ्यांनी हात आखडता घेण्याची ही रीत माझ्या मनात बसली.

दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळायला लागल्यावर मी जुनी सायकल घेतली आणि फिरायला लागलो. गावाखाली ऱ्हाईनवर नावेचा तराफा आहे, लेक्सकेसफेर म्हणतात. पलीकडं उतरलं की बेतुवे. ऱ्हाईन आणि वाल या दोन नद्यांमधला हा फळबागांचा पट्टा. एप्रिलमध्ये नाशपाती आधी फुलते, मागून सफरचंद. एका बागवाल्याशी ओळख झाली. मोडक्या इंग्रजीत, पण दोन शेतकऱ्यांना भाषा फार लागत नाही. फांदी दाखवली की छाटणी कळते. त्यानं सांगितलं, फुलोऱ्यात रात्री तापमान शून्याखाली जाण्याची भीती असते. तसं झालं तर ते मध्यरात्री तुषार सिंचन सुरू करतात. पाणी फुलावर गोठतं, गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या आत कळी शाबूत राहते. पाणी मध्येच थांबलं तर मात्र बाग गेली. म्हणून त्या रात्री घरातलं कुणी झोपत नाही. आमच्याकडं डिसेंबरात दिवसाच्या लोडशेडिंगमुळं रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारी पोरं आठवली. बारा वाजता उठून थंडीत पाण्याकडं जायचं, हे त्याला सांगितल्यावर त्यानं मान हलवली.

ज्या बांधावर आम्ही उभं राहून बोलत होतो तो नदीचा बांध. १९९५च्या सुरुवातीला या नद्यांना असा पूर आला की बांध फुटायच्या भीतीनं सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडायला लावली. गाई, डुकरं, कोंबड्यासुद्धा हलवल्या. बांध टिकला. त्यानंतर नुसते बांध उंच करत बसण्याऐवजी नदीला पसरायला जागा द्यायची, असं सरकारनं ठरवलं, काही ठिकाणी बांध मागं सरकवले, शेतकऱ्यांची घरं उठवून दुसरीकडं बसवली. बागवाला हे सांगताना खूश नव्हता. त्याच्या ओळखीच्या माणसाची जमीन त्यात गेली होती.

विद्यापीठाच्या आवारात जगातल्या मातीचं संग्रहालय आहे. १९६६ साली सुरू झालेली ती संस्था. हजाराहून अधिक जागांची माती जमिनीतून उभी कापून, चिकटवून, जशीच्या तशी फळ्यांवर टिकवून ठेवलेली. पत्नी मला एके दिवशी घेऊन गेली. उत्तरेकडची राखाडी, विषुववृत्ताकडची तांबडी, दलदलीतली तपकिरी, अशा चालत गेलो आणि काळ्या भेगाळलेल्या मातीपाशी थांबलो. फळीवर उभी केलेली तीच भेग, ज्यात मे महिन्यात आमच्या वावरात कोपरापर्यंत हात जातो. भेगेच्या कडेला ओल्या-कोरड्याच्या घासण्यानं चकाकी आलेली ढेकळं होती. आमच्याकडं नांगरताना ती निघतात तेव्हा आपण ती माती मुरलेली आहे म्हणतो. पत्नीनं तिथं मला जे समजावलं ते तिनं गेल्या वीस वर्षांत घरी समजावलं नव्हतं, कारण घरी तिला वेळ नसतो आणि मला धीर नसतो. ही माती फुगते-आकसते, स्वतःला खालवर उलटवत राहते. तिच्यात पाणी खूप मावतं, पण एकदा फुगली की वरून येणारं पाणी आत घेत नाही, वाहून देते. म्हणून अशा जमिनीत पाण्याला वाट काढून देणं हे पाणी अडवण्याइतकंच महत्त्वाचं. तिच्या एका प्राध्यापकाला वाशीम ठाऊक नव्हतं, पण लोणार ठाऊक होतं. बेसॉल्ट खडकात उल्का पडून झालेलं सरोवर म्हणून. तिथून आमचं गाव फार दूर नाही, असं सांगितल्यावर तो उठून उभा राहिला आणि माझ्याशी हात मिळवला.

ॲमस्टरडॅम पाहिलं, कालव्यातून नावेनं फिरलो. क्यूकेनहॉफच्या बागेत गेलो. दर वर्षी सुमारे ७० लाख कंद तिथं हातानं लावतात आणि सुमारे आठ आठवड्यांत बाग बंद. फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यापलीकडं सांगण्याजोगं मला तिथं काही मिळालं नाही.

चित्रं मात्र मनात राहिली. वागेनिंगेनच्या उत्तरेला होखे फेलुवे नावाचं राखीव रान आहे. दारावर पांढऱ्या सायकली ठेवलेल्या असतात, कुणीही घ्यावी, फिरावं, परत ठेवावी. त्या रानाच्या मध्यात क्रोलर-म्युलर संग्रहालय, आणि त्यात व्हॅन गॉगची चित्रं. १८८८ सालचं 'पेरणारा' हे चित्र मी कितीतरी वेळ पाहत बसलो. मागं पिवळा सूर्य, पिकलेल्या गव्हाची कड, समोर जांभळट निळी नांगरलेली जमीन आणि ढांगा टाकत बी फेकत जाणारा माणूस. मागच्या बाजूला बी टिपणारे कावळे. मी पेरणी करणारा माणूस म्हणून सांगतो, त्याचा हात बरोबर काढलेला आहे. फोकून पेरताना उजवा हात आणि डावा पाय यांचा जो मेळ लागतो, तो त्या चित्रात आहे. आम्ही तिफणीनं पेरतो, सरत्यातून बी सोडतो, आता ट्रॅक्टरच्या यंत्रानं पेरतो. पण मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर आम्हीही फोकूनच टाकतो. चित्र काढणाऱ्यानं शेतकऱ्याला राबताना जवळून पाहिलं होतं, यात मला शंका नाही.

मे महिन्याच्या चार तारखेला संध्याकाळी आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं थांबतो. युद्धात मेलेल्यांसाठी. सायकली थांबल्या, बस थांबली, बाजूच्या घरातलं लहान पोर आईच्या हाताला धरून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुक्तिदिन, आणि त्या दिवसाचं मुख्य गाव वागेनिंगेनच. कारण ५ मे १९४५ रोजी इथल्याच हॉटेल द वेरेल्डमध्ये कॅनडाचे जनरल फोक्स आणि जर्मनीचे जनरल ब्लास्कोवित्झ यांच्यात शरणागतीची बोलणी झाली. मध्यरात्री तिथं मशाल पेटवतात आणि धावपटू ती देशभर नेतात. २०२५ला त्याला ८० वर्षं झाली होती, गर्दी मोठी होती. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी मला विचारलं, तुमच्या देशाला या युद्धाचं काही माहीत आहे का? मी त्यांना नामदेव जाधवांबद्दल सांगितलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा शिपाई तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून नेलं आणि एकट्यानं मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजीबाईंनी नाव कागदावर लिहून घेतलं.

ज्या सहलीसाठी मी मुद्दाम हट्ट धरला ती शोकलँडची. पत्नीच्या सहकारी बाईंनी गाडीनं नेलं. शोकलँड हे समुद्रातलं बेट होतं. पाणी चढत गेलं आणि १८५९ साली सरकारनं लोकांना बेट सोडायला लावलं. पुढं १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून डच लोकांनी समुद्राचा तो फाटा तोडला, आणि १९४२ साली त्याच्या तळातला एक तुकडा उपसून कोरडा केला. आज शोकलँडवर उभं राहिलं की चारी बाजूंना बटाटा, कांदा, गहू. मधोमध जुनं चर्च, आणि जुन्या बंदराचे लाकडी खांब गवतात उभे. हा देश आकारानं विदर्भाच्या निम्म्याहून कमी आहे आणि त्याचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीच्या खाली. पंप थांबले तर पाणी परत येईल. मी तिथली माती हातात घेतली. फिकट, हलकी, शिंपल्याचे चूर असलेली. आमच्या मातीपुढं ती गरीब आहे. तिच्यातून त्यांनी जे काढलं ते पाण्याची व्यवस्था लावून काढलं.

ही व्यवस्था कोण लावतं, हे मला एका दूध उत्पादकाच्या गोठ्यात समजलं. मी गेलो होतो त्याच्या गाई काय खातात ते बघायला. सोयाबीनची ढेप खातात, हे ऐकून होतो. त्यानं खाद्याची कोठी दाखवली. गवताचा मुरघास, मका, आणि सोयाबीनची ढेप. ती ब्राझील आणि अमेरिकेकडून रॉटरडॅम-ॲमस्टरडॅम बंदरात उतरते. युरोपात सर्वांत जास्त सोयाबीन याच देशात येतं आणि पुढं शेजारी देशांतही जातं. आपली ढेपही नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स घेतात, कारण आपलं सोयाबीन जनुक बदललेलं नाही आणि काही खरेदीदार तेच मागतात. मी त्याला सांगितलं, गेल्या हंगामात आमचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बहुतेकांनी त्याखाली विकलं. त्यानं युरोमध्ये हिशेब केला आणि गप्प झाला. मग त्याची बाजू सांगितली. २०१९ साली तिथल्या वरिष्ठ न्यायपीठानं नत्राच्या प्रदूषणावर निकाल दिला, गाईंची संख्या कमी करण्याचं धोरण आलं, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हमरस्त्यावर उतरले, देशाचा झेंडा उलटा लावला. त्याच्या गोठ्यावरही तो अजून होता. दोन देशांतल्या दोन शेतकऱ्यांना आपापल्या सरकारबद्दल जे बोलायचं होतं ते आम्ही मोकळेपणानं बोललो.

त्याच्या शेताच्या कडेनं चर होती, दोन हात रुंद, तळ स्वच्छ. मी विचारलं, ही कोण साफ करतं? "मीच." आणि नाही केली तर? तर पाणी मंडळाचा माणूस येऊन पाहतो, नोटीस देतो, आणि मंडळ स्वतः साफ करून खर्च माझ्याकडून घेतं. दर वर्षी शरद ऋतूत पाहणी ठरलेली. हे पाणी मंडळ म्हणजे सरकारचं खातं नव्हे. लोकांनी निवडलेली संस्था आहे, दर चार वर्षांनी तिची वेगळी निवडणूक होते, तिचा वेगळा कर असतो, शेतकऱ्यांना तिच्यात राखीव जागा असतात. अशी २१ मंडळं देशभर आहेत आणि त्यातल्या काहींचा उगम तेराव्या शतकातला. राजे बदलले, युद्धं झाली, मंडळं चालूच राहिली. १९५३च्या फेब्रुवारीत समुद्र आत येऊन १८३६ माणसं गेली, त्यानंतर सरकारनं मोठी धरणं-दारं बांधली. पण चर साफ ठेवण्याचं काम पूर्वीही शेतकऱ्याचं होतं आणि आजही त्याचंच आहे.

गंमत अशी जुळून आली की तो वसंत तिथं फार कोरडा गेला. ऱ्हाईनचं पाणी एप्रिलमध्येच उतरलं, काठ उघडे पडले, शेतकरी वेळेआधी पाणी द्यायला लागले. आणि त्याच मे महिन्यात गावाकडून भावाचे फोन यायचे, "पाऊस थांबून नाही राह्यला. वखरणी रायली, काडी-कचरा वेचू देत नाही." २४ मेला मान्सून केरळात आला, दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात. इतक्या लवकर तो आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी वागेनिंगेनच्या ओट्यावर बसून भावाला सांगायचो, घरच्या बियाण्याची उगवण तपास. १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, सत्तरच्या खाली निघाल्या तर ते बी पेरू नको, आणि पहिल्या पावसानं हुरळून पेरणी करू नको. २८ मेला नवा हमीभाव आला, ५३२८ रुपये. ती बातमी मी भाकरी थापतानाच ऐकली आणि पत्नी घरी आल्या आल्या तिला सांगितली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परतलो. विदर्भात पाऊस नंतर महिन्याच्या मध्यापर्यंत थबकला, पेरणी त्यामुळं जमली. जूनच्या शेवटी मात्र रिसोड-मेहकर भागात धुवाधार झाला, पैनगंगेला पूर आला. आमच्या शिवारातल्या नाल्याच्या काठावर येड्या बाभळी आणि बेशरम माजलेली, तळ गाळानं भरलेला. पाणी नाल्यात न मावता वावरात शिरलं आणि दोन पानांवर आलेलं सोयाबीन धुऱ्यासकट घेऊन गेलं. नुकसान अशांचंही झालं ज्यांनी आपला काठ साफ ठेवला होता, कारण वरच्याचा आणि खालच्याचा तुंबलेला होता. काळ्या मातीबद्दल पत्नीनं जे फळीसमोर सांगितलं होतं, ते मला वावरात उभं राहून दिसलं.

टपरीवरच्या काकांनी परत विचारलं, "मंग काय केलं तिकडं?" मी म्हणालो, स्वयंपाक केला आणि शेती पाहिली. पत्नीनं तिचं शिक्षण पुरं केलं, आता ती पोरांना शिकवते आहे. माझ्यामागं कुणाचं वेळापत्रक नव्हतं, म्हणून मी बांधावर, बाजारात, गोठ्यात थांबू शकलो. ज्याला कामाला बोलावलेलं असतं त्याला प्रयोगशाळा आणि घर, एवढंच दिसतं. सोबत्याच्या वाट्याला बाकीचा देश येतो, आणि आपल्या धंद्याचं तिथं काय चालतं हे पाहून गावाला सांगणं हे सोबत्याचं काम आहे असं मी मानतो.

सरकारनं जलयुक्त शिवार योजनेतून नाले खोल केले, पोकरा प्रकल्पातून शेततळी दिली, २००५च्या कायद्यानं पाणीवापर संस्थाही करता येतात. पण दर वर्षी काठ साफ करण्याला योजना लागत नाही. प्रत्येकानं पेरणीच्या आधी, मे संपायच्या आत, आपल्या वावरालगतचा नाला आणि चर मोकळी करायची. पाच जणांनी फिरून पाहायचं. ज्यानं केलं नाही त्याचं ग्रामपंचायतीनं करून घ्यायचं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. असा ठराव मांडण्याचा अर्ज मी लिहून दिला आहे. रिठद शिवारात ज्यांची वावरं नाल्याला लागून आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेला यावं आणि येताना आपला सातबारा सोबत आणावा. गट क्रमांकानुसार काठाची यादी त्याच दिवशी करायची आहे.